प्रश्न वाचकांचे : मुलांना स्वतःविषयी लिहायला कसे शिकवावे?

प्राथमिक शाळेतील लेखनाविषयी गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता : पहिली ते पाचवीच्या मुलांना स्वतःच्या अनुभवांविषयी लिहायला कसे शिकवावे. त्यांतली सहा पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रांत मुलांविषयीचा मजकूर असल्यामुळे पत्रलेखकांची आणि शाळांची नावे दिलेली नाहीत. मी स्वतः ३१ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे तिसरी-चौथीच्या वर्गांवर होते. उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : मी चौथीला शिकवते. ‘माझी आई’, ‘माझा आवडता सण’, ‘आमची सहल’ असे विषय दिले की चोवीसच्या चोवीस वह्यांत जवळजवळ एकच मजकूर येतो. आई प्रेमळ असते, ती पहाटे उठते, ती मला खूप आवडते. हीच मुले मधल्या सुट्टीत माझ्याभोवती जमून किती तरी सांगत असतात. लिहायला बसल्यावर ते सगळे कुठे जाते? (एक शिक्षिका, माण तालुका, जि. सातारा)

उत्तर : मुलांपाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे तुम्हीच लिहिले आहे. अडचण आहे ती विषयाच्या शब्दांत. ‘माझी आई’ असे फळ्यावर लिहिले की मुलाला ऐकू येते ते ‘आई कशी असते ते लिही’, आणि आई कशी असते याची वाक्ये त्याच्याकडे तयार असतात. ती त्याने ताईच्या वहीत पाहिलेली असतात, निबंधांच्या पुस्तकात वाचलेली असतात आणि मागच्या वर्षी त्याच वाक्यांखाली ‘छान’ असा शेराही मिळवलेला असतो. नऊ वर्षांचे मूल ज्या वाटेने एकदा सुखरूप गेले त्याच वाटेने पुन्हा जाते, आणि यात त्याचा काहीही दोष नाही.

म्हणून विषय देताना माणूस, सण किंवा सहल देऊ नका. एक वेळ द्या. ‘आई माझ्यावर रागावली तेव्हा’, ‘रात्री लाईट गेली तेव्हा’, ‘मी पहिल्यांदा एकट्याने दुकानात गेलो तेव्हा’, ‘माझ्या हातून सांडले तेव्हा’. अख्ख्या दिवसाचीही गरज नसते. सहलीविषयी लिहिणारे मूल ‘सकाळी लवकर उठलो, दात घासले’ येथून निघते आणि बस सुटेपर्यंत त्याचे पान संपते, कारण दिवस फार मोठा असतो आणि त्यातले काय घ्यावे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. त्या दिवसातला कपभर चहा निवेल एवढाच वेळ उचलायला शिकवणे हे या लेखनातले पहिले काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठेही तेच आहे.

ते कसे होते ते एका प्रसंगावरून सांगते. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीने लिहिले होते : ‘आमच्या घरी शेळी आहे. ती मला खूप आवडते. शेळी दूध देते.’ मी तिच्याशेजारी बसले आणि शेळीचे या आठवड्यात काही विशेष झाले का, असे विचारले. ती म्हणाली, व्याली. मग मी एकेक विचारत गेले. तू कुठे होतीस? गोठ्याच्या दारात. हातात काय होते? बॅटरी, कारण लाईट गेली होती. आजी काही बोलली का? ओरडली. का बरे? बॅटरी हलत होती. एवढे झाल्यावर मी उठून दुसऱ्या मुलाकडे गेले, कारण आणखी चार प्रश्न विचारले असते तर ती गोष्ट तिची न राहता माझी झाली असती. दहा-बारा मिनिटांनी तिच्या वहीत हे होते :

‘लाईट गेली हुती. म्या बॅटरी धरली. करडू ओलं हुतं. आज्जीनं पोत्यानं पुसलं. माझा हात हालत हुता म्हणून आज्जी वरडली. करडू उठलं आन पडलं. परत उठलं. मग आज्जी म्हनली आता बॅटरी बंद कर.’

हे शेवटचे वाक्य निबंधांच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. त्या रात्री त्या दारात उभ्या असलेल्या मुलीलाच ते ठाऊक होते. तुम्ही विचारायचे प्रश्न हे असेच असावेत : कुठे होतास, हातात काय होते, काय दिसत होते, कसला आवाज आला, कोण नेमके काय म्हणाले. ‘तुला कसे वाटले?’ हा प्रश्न मी पहिल्यांदा कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ‘खूप आनंद झाला’ असे ठरलेले असते आणि ते दिले की मुलाच्या दृष्टीने काम संपते.

दुसरी गोष्ट, मुलांनी लिहावे असे वाटत असेल तर त्यांच्यासमोर तुम्हीही लिहा. पावसात एसटी चुकल्यामुळे मी भिजत शाळेत आले होते, त्याविषयीच्या पाच ओळी मी एकदा फळ्यावर लिहिल्या. लिहिताना दोन ओळी खोडल्या, एक शब्द बदलला आणि मुलांना विचारले की तुम्हाला यात काय कळले नाही. एका मुलाने विचारले, ‘बाई, छत्री कुठं होती?’ छत्री मी घरीच विसरले होते, आणि ते मी लिहिले नव्हते. त्या एका प्रश्नाने वर्गाला जे समजले ते मला तासभर सांगूनही समजावता आले नसते. बाईसुद्धा खोडतात, हे मुलांना दिसायला हवे.

वेळेचे म्हणाल तर आठवड्यातून एक तास पुरे होतो. मी शनिवारची सकाळची शाळा यासाठी राखून ठेवत असे. पहिली पंधरा मिनिटे मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना सांगायचे, पुढची पंधरा मिनिटे लिहायचे आणि उरलेल्या वेळात ज्यांना वाचून दाखवावेसे वाटेल त्यांनी वाचायचे. पाच-सहा ओळी झाल्या तरी भरपूर समजा. वही तपासताना खाली ‘छान’ लिहिण्याऐवजी तुम्हाला मनापासून जे जाणून घ्यावेसे वाटले ते विचारा. त्या मुलीच्या वहीत मी ‘करडाचे नाव काय ठेवले?’ एवढेच लिहिले, आणि पुढच्या शनिवारी तिने त्यावर दीड पान लिहून आणले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे आणि वर्णनात्मक नोंदी तुम्हाला ठेवाव्याच लागतात. त्यांत ‘स्वतःचा अनुभव बारकाव्यांसह लिहिते’ अशी नोंद करता येते. या वहीला वेगळे गुण देण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्याकडे चौथीपासून ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘छत्रीचे मनोगत’ असे निबंध घेतले जातात. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या मते हे सारे कृत्रिम आहे. ते बंद करावे का? (एक मुख्याध्यापक, चिपळूण)

उत्तर : बंद करू नका, मुलांना त्यात रस असतो आणि दुसऱ्याच्या जागी जाऊन बोलण्याची ती चांगली सवय आहे. मात्र त्याला आत्मलेखन समजू नका आणि ते आधी घेऊ नका. मुलाला स्वतःचा ‘मी’ लिहिता आला म्हणजे तो छत्रीला उसना देता येतो; उलट क्रमाने गेल्यास छत्री, पुस्तक आणि पिंपळ सगळे एकाच सुरात रडतात आणि शेवटी माणसांना उपदेश करतात. वस्तू मुलाच्या रोजच्या वापरातली घ्या. स्वतःविषयी बोलायला बुजणारी काही मुले आपल्या दप्तराच्या तोंडून बरेच काही सांगून टाकतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. ती वहीत ‘म्हनली’, ‘हुता’, ‘आन’ असे घरच्यासारखे लिहिते. बाई प्रत्येक शब्द लाल शाईने दुरुस्त करतात. आधी ती पानभर लिहायची, आता दोन ओळींवर थांबते. पण शुद्ध मराठी यायला नको का? (एक पालक, जत तालुका, जि. सांगली)

उत्तर : यायलाच हवी. पुढच्या शिक्षणाची, अर्जाची आणि परीक्षेची भाषा तीच असल्यामुळे ती न शिकवणे हा मुलीवर अन्याय ठरेल. प्रश्न आहे तो केव्हा आणि कशी शिकवावी याचा. पानभर लिहिणारी मुलगी दोन ओळींवर आली, याचा अर्थ ती सुधारली नाही. जे शब्द नक्की बरोबर आहेत तेवढेच लिहायचे असे तिने ठरवले. भीतीपोटी लिहिलेल्या त्या दोन ओळी शुद्ध असतील, पण त्यांत तिचे स्वतःचे फारसे काही उरलेले नसेल.

‘हुता’ हा शब्द तिने चुकून लिहिलेला नाही. कानाने जे ऐकले ते तिने अक्षरांत अचूक उतरवले आहे, आणि आठ वर्षांच्या मुलीसाठी ही मोठी गोष्ट आहे. बोलीतला शब्द आणि लिहिताना झालेली चूक यांत फरक करायला हवा. ‘पाणी’ऐवजी ‘पाणि’ लिहिले तर ती वेलांटीची चूक आहे. ‘होता’ऐवजी ‘हुता’ लिहिले तर ती दुसऱ्या दालनातली मराठी आहे. आपल्या शासनमान्य लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडी ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपे मान्य केली आहेत. आजी जे बोलली ते आजीच्याच शब्दांत राहू द्यावे.

बाईंशी बोलताना एक विनंती करून पाहा. पहिल्या लेखनावर लाल शाई नको. त्याच मजकुराचे दुसऱ्या दिवशी पुन्हा लेखन करताना तीनच शब्द निवडून, दोन रकाने आखून, ‘आपण घरी असे म्हणतो’ आणि ‘पुस्तकात असे लिहितात’ असे मांडावे. आठवड्याला तीन शब्द धरले तरी वर्षभरात शंभराच्या आसपास होतात, आणि मुलीला दोन्ही रूपे माहीत राहतात. करडू, पोते, बॅटरी हे शब्द मात्र कोणत्याही रकान्यात बदलू नयेत. शाळकरी मुलीच्या वहीत ‘बॅटरी’ खोडून ‘विजेरी’ लिहिलेले मी पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात आजी-आजोबांजवळ राहतात, काही सोबत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. ‘माझे घर’ किंवा ‘सुट्टीतील मजा’ हे विषय त्यांच्यासमोर ठेवायला मला संकोच वाटतो. आणि फडावरचे आयुष्य लिहा म्हणणे म्हणजे त्यांचे दुःख उकरणे नव्हे का? (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : तुमचा संकोच योग्य आहे, आणि त्यातून मार्गही निघतो. कोणत्याही घरातल्या, कोपीतल्या (ऊसतोड कामगारांच्या झोपडीतल्या) किंवा वसतिगृहातल्या मुलाला लागू पडतील असे विषय निवडा : ‘पहाटे जाग आली तेव्हा’, ‘मी कोणाला तरी वाट दाखवली तेव्हा’, ‘मला झोप आली होती पण झोपता येत नव्हते तेव्हा’. मग फडाविषयी लिहायचे की नाही हे मूल ठरवते. तुमच्या मनात त्याचे जगणे ‘दुःख’ या एका शब्दात बसत असेल, पण त्याच्या मनात तसे बसत नसते. मोळी कशी बांधतात, रात्री ट्रॉली कशी भरतात, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) कोण विकत घेते, एक कोयता म्हणजे दोन माणसे कशी, हे त्याला माहीत असते आणि वर्गातल्या इतरांना माहीत नसते. परतलेल्या मुलाला मागे पडलेला विद्यार्थी म्हणून न बसवता जाणकार म्हणून विचारा. तो कोणत्या तालुक्यात, कोणत्या कारखान्यावर होता ते नकाशावर दाखवू द्या. बहुतेक वेळा लेखन तेथूनच सुरू होते.

गावात राहिलेल्या मुलांसाठी सर्वांत जिवंत लेखनप्रकार म्हणजे आई-वडिलांना पत्र. टोळीचा मुक्काम हलत असतो, टपालाचा पत्ता नसतो, पण पत्राचा फोटो वडिलांच्या मोबाइलवर पाठवता येतो, आणि घरी कोणाला वाचता येत नसेल तर मुलाने ते मोठ्याने वाचून त्याचा आवाज पाठवावा. ज्या लेखनाची खरोखर कोणी तरी वाट पाहत आहे, ते मूल मन लावून लिहिते.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन अंकांत छापला. मराठीत शाळकरी मुलीने आपल्या माणसांच्या जगण्याविषयी लिहिण्याचा आरंभच असा कठीण वास्तवापासून झालेला आहे, त्यामुळे कष्ट आणि अन्याय हे मुलांच्या लेखणीचे विषय नाहीत असे मी मानत नाही. अनुचित ते वेगळेच आहे. केंद्रप्रमुख आले, पाहुणे आले की ‘वाच रे तुझे ते उसाचे’ म्हणणे आणि ऐकणाऱ्यांनी हळहळणे, हे मुलाच्या वाट्याला कधीही येऊ देऊ नका.

प्रश्न : पाचवीतल्या एका मुलाने वहीत लिहिले : ‘पप्पा दारू पिऊन आले. मम्मीला मारले. मी पलंगाखाली बसलो.’ वाचून मला काय करावे ते सुचले नाही. मी सही करून वही परत दिली. आठ दिवस झाले, तो माझ्याकडे पाहत नाही. (एक शिक्षिका, पुणे जिल्हा)

उत्तर : तो तुमच्याकडे पाहत नाही, कारण त्याने तुम्हाला सांगितले आणि तुमच्याकडून काहीच आले नाही. हे अजून भरून काढता येण्यासारखे आहे, उद्याच करा. मुलांच्या घोळक्यापासून बाजूला, पण इतरांना दिसेल अशा ठिकाणी त्याच्याजवळ बसा आणि सांगा की मी वाचले, तू मला सांगितलेस हे फार बरे केलेस, त्या दिवशी मी बोलले नाही ही माझी चूक झाली. मग एकच विचारा : आता घरी भीती वाटते का? तो जे सांगेल ते ऐका, खोदून विचारू नका, आणि त्या पानावर शुद्धलेखनाची एकही खूण करू नका. ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येईलच असे नाही. ‘तुला आधी सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही’ हे वचन देता येते.

वडिलांना शाळेत बोलावून वही पुढे ठेवणे हा मार्ग घेऊ नका; संध्याकाळी त्याची किंमत मूल मोजते. आईला एकटीला भेटता आले तर भेटा. मुलालाही मारहाण होत असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कळवता येते, आणि प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष व बाल कल्याण समिती आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय येईल असे काही मुलाने लिहिले असेल तर मग तो तुमच्या इच्छेचा प्रश्न राहत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला अशी माहिती मिळते त्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी शाळेने स्वतःची चौकशी पूर्ण करण्याची वाट पाहायची नसते, मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारायचे नसते आणि त्याची ओळख कोठेही उघड होऊ द्यायची नसते.

माझ्या हातून झालेली एक चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने वडील घर सोडून गेले त्या दुपारविषयी सात-आठ ओळी लिहिल्या होत्या. वडिलांनी जाताना सायकल नेली, पण हवा भरायचा पंप विसरला, असे त्यात होते. इतके चांगले लेखन वर्गाने ऐकावे म्हणून मी ते त्याला न विचारता मोठ्याने वाचून दाखवले. पुढच्या शनिवारी त्याने लिहिले, ‘माझी शाळा छान आहे’, आणि वर्ष संपेपर्यंत तो तसेच लिहीत राहिला.

त्यानंतर दरवर्षी जूनमध्येच मी मुलांना तीन गोष्टी सांगत असे. जे पान दुमडलेले असेल ते मी उघडणार नाही. कोणाचेही लेखन त्याला विचारल्याशिवाय वाचून दाखवले जाणार नाही, हस्तलिखितात घेतले जाणार नाही, भिंतीवर लावले जाणार नाही. आणि तुम्हाला कोणी दुखावत असल्याचे मी वाचले, तर मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला मला ते सांगावे लागेल, पण आधी मी तुमच्याशी बोलेन. मुलांनी ते पान दुमडावे की नाही याचा विचार केलेला मला वह्यांवरून दिसत असे. काही पानांवर घडी घालून पुन्हा उघडल्याची खूण असे.

प्रश्न : आम्ही बंगळुरूला राहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे. मराठी बोलतो, पण त्यात कन्नड आणि इंग्रजी शब्द येतात, आणि देवनागरी अजून लिहिता येत नाही. त्याच्या आठवणी मराठीत लिहून घेण्यासाठी किती थांबावे? (एक आई, बंगळुरू)

उत्तर : थांबू नका. त्याने सांगावे आणि तुम्ही लिहावे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या शिक्षिका प्रत्येक मुलाला आज कोणता शब्द हवा ते विचारून तो कार्डावर लिहून देत, आणि मुलांनी स्वतः मागितलेले ते शब्द त्यांना चटकन वाचता येत. घरी हेच वाक्यांच्या बाबतीत करता येते. कोऱ्या वहीत, मोठ्या अक्षरांत, तो सांगेल त्या दोन-तीन ओळी त्याच्या डोळ्यांसमोर लिहा. शब्द कन्नड आला तर कन्नड शब्दच देवनागरीत लिहा. मग ओळींखाली बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. तो मध्येच ‘असं नव्हतं झालं’ म्हणून थांबवेल. तेव्हा तुम्ही लिहिलेले खोडा आणि तो सांगेल ते लिहा.